मधली वीतभर जागा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"आमचं दोन खोल्यांचं घर आहे. जेवणाचं टेबल एकच, १२० बाय ७५ सेंटिमीटरचं, भिंतीला टेकवलेलं. त्यावरच मुलाचा अभ्यास, माझा लॅपटॉप आणि घरातले सगळे कागद. दोन आठवड्यांनी धाकटी बहीण आणि तिचे यजमान रात्री जेवायला येणार आहेत. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई धरून सहा माणसं होतील. पानगळीचे दिवस आहेत, लवकर अंधारून येतं, म्हणून टेबल छान, ऊबदार मांडावं असं फार मनात होतं. चित्रं बघून बघून तीन शोभेचे भोपळे, दोन उंच शमादानं आणि गडद मरून रंगाचा टेबलक्लॉथ आणला. रविवारी तालीम म्हणून सगळं मांडलं, तर जेवणाचं गरम भांडं ठेवायला जागाच उरली नाही. नवरा भांडं हातात धरून तसाच उभा राहिला आणि हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मला रडू आलं. सासूबाई म्हणाल्या, 'मला प्लेटमध्ये काय वाढलंय तेच दिसत नाहीये.' आमच्यासारख्या घरांसाठी या गोष्टी नसतातच का?"

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. असतात. तुमच्याच घरासाठी असतात. मोठ्या दालनात लांबलचक टेबल मांडणाऱ्यांना ऊब आणण्यासाठी खटपट करावी लागते, कारण तिथे माणसं एकमेकांपासून लांब बसतात. तुमच्याकडे सहा माणसं बसली की गुडघ्याला गुडघा लागणार आहे. ऊब म्हणतात तिचा अर्धा भाग तिथेच आला. उरलेला अर्धा म्हणजे उजेड, आणि त्याबद्दल मी पुढे जरा सविस्तर लिहिणार आहे.

पण आधी रविवारी नेमकं काय झालं ते बघू. तुमच्या आवडीत काही खोट नव्हती, सेंटिमीटर कमी पडले. तुमचं टेबल ७५ सेंटिमीटर रुंद आहे. नेहमीची मोठी प्लेट २७ सेंटिमीटरची असते आणि ती कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत ठेवावी लागते. समोरासमोर अशा दोन प्लेटा ठेवल्या की ६० सेंटिमीटर गेले. मध्ये उरले १५. तेवढ्या जागेत तीन भोपळे, दोन शमादानं आणि गरम भांडं कुणालाही बसवता आलं नसतं. आपण पाहतो त्या चित्रांत बहुतेक वेळा अन्न अजून आलेलं नसतं आणि माणसंही बसलेली नसतात. जिथे भांडं यायचं, जिथे कोपर टेकायचं, जिथे पोर पाण्याचा पेला ठेवणार, ती सगळी जागा छायाचित्रासाठी मोकळी मिळालेली असते. ती आपल्या सजावटीने भरून टाकली की खऱ्या जेवणाला जागा उरत नाही.

आता याच टेबलावर २३ सेंटिमीटरच्या प्लेटा ठेवून बघा. दोन सेंटिमीटर आत धरल्या तरी दोन्ही बाजू मिळून ५० होतात आणि मध्ये २५ सेंटिमीटरचा पट्टा राहतो. वीतभर जागा. बहुतेक घरांत या मापाच्या प्लेटा न्याहारीसाठी म्हणून असतातच. सहा माणसांसाठी तर त्या लागतीलच, कारण दोन्ही टोकांना एकेक माणूस बसलं की मोठ्या प्लेटा कोपऱ्यात एकमेकींवर चढतात. माझ्या हिशेबाने २३ च्या प्लेटांमध्ये कोपऱ्यातसुद्धा पाचेक सेंटिमीटर सुटतात. टोकाच्या दोन प्लेटांची जागा वजा केली की मधला पट्टा लांबीला साधारण ७० आणि रुंदीला २५ राहतो. ही तुमची सगळी इस्टेट. या पट्ट्यात काय ठेवायचं आणि काय नाही, एवढं ठरलं की बाकीचं सोपं आहे.

माझं मत स्पष्ट आहे: हा पट्टा अन्नाचा आणि हातांचा. सजावटीला त्यातला फार तर एक तळहात द्यावा. बसकी वाटी, तिच्यात बाहेरून आणलेल्या दोन-चार वाळक्या बिया, एखादी छोटी डहाळी, झालं. बाकी सजावट टेबलाबाहेर. भोपळे टाकून देऊ नका. तिघांनाही खिडकीच्या कट्ट्यावर एका बाजूला जवळजवळ ठेवा, किंवा दाराशी चपलांच्या कपाटावर. बहीण आत येताना तिला पहिलं काय दिसलं तर पानगळ. टेबलावर पुन्हा तेच सांगायची गरज राहत नाही.

उंचीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. माझ्या वडिलांना (आम्ही त्यांना दादा म्हणत असू) उतारवयात ऐकू कमी येऊ लागलं होतं. समोरच्याचे ओठ बघून ते बरंच समजून घेत, पण हे ते कुणाला सांगत नसत. एकदा घरी आठ माणसं जेवायला होती आणि मी हौसेने टेबलाच्या मधोमध उंच फुलदाणी ठेवली होती. सगळ्यांनी फुलांचं कौतुक केलं. दादा मात्र त्या संध्याकाळी गप्प होते. मला वाटलं, दमले असतील. टेबल आवरताना मी त्यांच्या खुर्चीवर क्षणभर बसले तेव्हा कळलं की तिथून समोरच्या तीन माणसांपैकी एकाचाही चेहरा दिसत नव्हता. तेव्हापासून टेबलाच्या मध्ये काहीही ठेवलं की मी प्रत्येक खुर्चीवर एकदा बसून बघते. तुम्हीही बघा. मुलाच्या खुर्चीवर बसताना त्याच्या उंचीइतकं खाली वाका.

मापच हवं असेल तर कोपर टेबलावर टेकवा आणि हात उभा धरा. मनगटाच्या वर जाईल असं काही मध्ये नको. ताठ बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे टेबलापासून साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर वर असतात, ओठ त्याच्या खाली. तुमच्या उंच शमादानांची अडचण हीच झाली असणार. दांडी बारीक असल्यामुळे चेहरे झाकले जात नाहीत, पण ज्योत बरोबर डोळ्यांसमोर येते. समोरच्याकडे बघावं तर आधी ज्योत टोचते आणि तिच्यामागचा चेहरा काळा दिसतो. ती शमादानं भिंतीजवळच्या फळीवर ठेवा, तिथे ती फार देखणी दिसतील. टेबलावर ज्योत हवीच असेल तर काचेच्या छोट्या पेल्यातली, बसकी. मात्र सुगंधी मेणबत्ती जेवणाच्या टेबलावर कधीच नको. आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो, आणि मेणाचा कृत्रिम वास तासभर नाकात बसला की तुम्ही दुपारभर खपून केलेलं अन्न फिकं लागतं. वाळकी पानं, कागद, पडद्याची कड यांच्यापासून ज्योत हातभर तरी लांब ठेवा. छोट्या घरात पडदा आणि फळी एकमेकांच्या जवळच असतात, म्हणून मेणबत्ती पेटवायच्या आधी पडदा सरकवून तो कुठवर येतो ते बघा.

आता उजेड.

पानगळीच्या दिवसांत घरात खरा बदल होतो तो उजेडाचा. शरद संपाताच्या सुमारास, म्हणजे दिवस आणि रात्र सारखे असतात त्या दिवसांत, दिवस सगळ्यात झपाट्याने लहान होत जातो. महिन्यापूर्वी जे जेवण खिडकीतल्या उजेडात व्हायचं ते आता दिव्याखाली होतं, आणि घरातले दिवे मात्र तेच असतात. बहुतेक घरांत छताला एक पांढरी ट्यूब असते. तिचा उजेड वाचायला, केर काढायला, हरवलेली सुई शोधायला उत्तम. पण तो वरून सरळ खाली पडतो, डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पाडतो, आणि खोलीतली प्रत्येक वस्तू सारख्याच ठळकपणे दाखवतो. ओट्यावरची भांडी, दाराआडचे कपडे, खाटेवरच्या घड्या, सगळंच जेवायला आल्यासारखं वाटतं.

तुम्ही बहुधा ट्यूब बंद करून मेणबत्त्या लावल्या, आणि सासूबाईंना प्लेट दिसेना. त्यांनी तक्रार केली असं समजू नका. त्यांनी फार उपयोगाची गोष्ट सांगितली. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान राहू लागते आणि आतलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे आत पोचणारा उजेड तरुण माणसापेक्षा कितीतरी कमी होतो. तुम्हाला जो उजेड रम्य मंद वाटतो तो त्यांच्यासाठी जवळजवळ अंधार असतो. माझ्या मते उतारवयाचं माणूस टेबलाशी असेल तर उजेड त्याच्या डोळ्यांना पुरेल असाच ठेवायचा, आणि ऊब दुसऱ्या वाटेने आणायची.

ती वाट अशी: उजेड कमी करण्याऐवजी तो टेबलावर गोळा करायचा. टेबल नीट उजळलेलं, आणि बाकी खोली मावळलेली. टेबलावर टांगता दिवा असेल तर त्याची खालची कड टेबलापासून ७५ ते ८५ सेंटिमीटर वर यावी. तो तेवढा खाली असला की उजेडाचं वर्तुळ टेबलापुरतं राहतं, आणि बल्बही थेट डोळ्यांत येत नाही, मात्र त्याला टोपी हवी. टांगायची सोय नसेल, आणि भाड्याच्या घरात बहुतेकदा नसतेच, तर चिमट्याचा दिवा फळीला लावा आणि त्याचं तोंड भिंतीकडे किंचित खाली वळवा. भिंत फिकट रंगाची असेल तर ती स्वतःच मोठ्या मऊ दिव्यासारखी वागते. दुसरा छोटा दिवा खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर. एवढे दोन पुरतात. तुमचं टेबल भिंतीलगत आहे हा इथे फायदा आहे, कारण उजेड उसळून परत यायला भिंत हाताशी आहे.

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, तो वाचून घ्या. पांढऱ्या ट्यूबवर बहुधा ६५०० असतं. तुम्हाला २७०० चा बल्ब हवा. आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. मेणबत्तीची ज्योत साधारण १९०० च्या आसपास येते. त्याच खोक्यावर सीआरआय नावाचा दुसरा आकडा कधी कधी दिलेला असतो. तो ९० किंवा त्याहून जास्त असेल तर अन्नाचे आणि चेहऱ्यांचे रंग खरे दिसतात. कमी असेल तर हिरवं मळकट दिसतं आणि माणसं आजारी. आणि अंधार पडला की पडदा ओढून घ्या. पडदा न ओढलेल्या खिडकीची काच रात्री काळ्या आरशासारखी होते, तिच्याकडे तोंड करून बसलेल्याला सारखं स्वतःचंच प्रतिबिंब दिसत राहतं आणि गारठा आहे त्याहून जास्त वाटतो.

हे सगळं करून मग मेणबत्ती लावा. दोन छोट्या पुरेत. दिव्यांनी दिसतं आणि ज्योतीने जीव येतो, दोन्ही कामं एकाच मेणबत्तीवर टाकली म्हणून रविवारी ती हरली.

मरून टेबलक्लॉथचं मात्र मला वाईट वाटतं, कारण तो तुम्ही आवडीने आणलेला आहे. पण गडद कापड उजेड पिऊन टाकतं. टेबल हा चेहऱ्यांच्या सगळ्यात जवळचा मोठा आडवा पृष्ठभाग आहे. तो फिकट असेल तर खालून वर थोडा उजेड चेहऱ्यांवर फेकतो, गडद असेल तर नाही. शिवाय लाल रंगाची एक खोड आहे. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवून ठेवलं की दिवसा झळाळणारी तांबडी फुलं पहाटेच्या अंधूक उजेडात सगळ्यांत आधी काळपट दिसतात, आणि निळं-हिरवं त्या मानाने उजळ राहतं. उजेड फारच कमी झाला की आपला डोळा लाल रंगाला लवकर अंतरतो. तुमचं मरून कापड दुकानात सुंदर दिसलं असेल आणि मेणबत्तीच्या उजेडात कोपऱ्याकोपऱ्यांतून काळं पडलं असेल. म्हणून टेबलावर साधं, फिकट, न रंगवलेल्या सुताच्या रंगाचं कापड घाला. घरातली स्वच्छ धुवट चादर दुमडूनही चालेल. मरूनचे नॅपकिन करा. त्या एका कापडातून सहा नॅपकिन निघतील आणि वर उरेलही. रंग छोट्या तुकड्यांत, फिकट कापडावर आला की खुलतो.

कापड चारी बाजूंनी १५ ते २० सेंटिमीटरच खाली लोंबू द्या. छोट्या जागेत लांब झालर गुडघ्यांत अडकते, आणि मूल उठताना सगळं टेबल बरोबर घेऊन जाऊ शकतं. त्याखाली जाडसर मऊ कापड घातलं तर फार फरक पडतो. हे मी आग्रहाने सांगते, कारण लोक डोळ्यांचा विचार करतात आणि कानांचा करत नाहीत. छोट्या खोलीत भिंती जवळ असतात, चमचा-प्लेटांचा आवाज दुप्पट वाटतो, आणि सहा माणसं बोलू लागली की प्रत्येक जण थोडा वरच्या आवाजात बोलतो. खाली मऊ थर असला की पेला ठेवल्याचा आवाज दबतो, आणि गरम भांड्याने लाकडावर पांढरा डाग पडण्याची भीतीही कमी होते. तरी भांड्याखाली लाकडी फळी हवीच. टेबलाच्या लांबीभर जाणारी शोभेची पट्टी मात्र टाळा, ती नेमकी तो वीतभर पट्टा व्यापते. पट्टी आवडत असेल तर आडवी घाला, ३५-४० सेंटिमीटर रुंदीची, समोरासमोर बसलेल्या दोघांना जोडणारी. तिच्यावर दोघांच्याही प्लेटा बसतात आणि मधला भाग मोकळा राहतो.

बसण्याची व्यवस्था. टेबल भिंतीपासून ओढावं लागेल, पण चित्रात दिसतं तेवढं नाही. भिंतीच्या बाजूला खुर्च्या ठेवल्या तर आत-बाहेर करायला मागे निदान ६० सेंटिमीटर लागतात, आणि मागून कुणी चालत जायचं असेल तर ९०. त्याऐवजी त्या बाजूला बाक ठेवा. भिंत आणि टेबल यांच्यात ४५-५० सेंटिमीटर असले तरी काम भागतं. मुलगा आणि तुमचा नवरा तिकडे जाऊ देत. भिंतीला एक उशी लावली की त्या जागेसाठीच भांडण होईल. बाक नसेल तर खाट किंवा दणकट पेटी चालते, उंची ४५ सेंटिमीटरच्या जवळ असली म्हणजे झालं. वर गादी घालणार असाल तर पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर मांड्या टेबलाला घासतात.

सासूबाईंना हात असलेली खुर्ची आणि टेबलाचं दाराकडचं टोक द्या, म्हणजे उठायला कुणाला हलवावं लागणार नाही. खुर्चीच्या पाठीवर त्यांची शाल. आणि त्यांना आधीच विचारा की दिव्याचा उजेड त्यांच्या डोळ्यांत येतोय का. मी तर म्हणते, यावेळच्या तालमीत पहिली खुर्ची त्यांचीच असू द्या. त्यांना दिसलं की सगळ्यांना दिसलं. दुसरं टोक तुमचं, स्वयंपाकाच्या बाजूचं, आणि बाकासमोरच्या दोन खुर्च्या पाहुण्यांना.

टेबलाखाली गालिचा घालायचा मोह होईल. घालू नका. खुर्ची मागे ओढली तरी तिचे पाय गालिच्यावरच राहावेत तर तो टेबलाच्या प्रत्येक बाजूला ६० सेंटिमीटर जास्त हवा. दोन खोल्यांच्या घरात तो मावत नाही, आणि लहान गालिच्याच्या कडेला खुर्ची दर वेळी अडखळते. पाय गार पडत असतील तर जाड मोजे द्या सगळ्यांना. पाहुण्यांनाही द्या. दारातच मोजे हातात देणाऱ्या घरी मला कुणी बोलावलं तर मी आनंदाने जाईन.

गरम भांड्याचं काय, हा प्रश्न उरतो, आणि खरं तर पत्राचं मूळ तिथेच आहे. सगळी भांडी टेबलावर असलीच पाहिजेत असं नाही. तुमच्या खुर्चीच्या हाताशी एक स्टूल किंवा पेटी ठेवा, तिच्यावर जाड कापड, आणि तिथे दोन भांडी. टेबलाच्या मध्ये एका वेळी एकच भांडं, तेही रुंद आणि बसकं, सगळ्यांचा हात पोचेल असं. ते फिरून रिकामं झालं की दुसरं. भांडं हातोहात फिरतं तेव्हा माणसं एकमेकांसाठी धरतात, वाढतात, 'अजून घे' म्हणतात. प्लेटा वाढायच्या आधी पाच मिनिटं गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या. गारठ्याच्या दिवसांत गार प्लेटवर अन्न पाच मिनिटांत निवतं. गरम प्लेट हातात आली की माणूस नकळत ती दोन्ही हातांनी धरतो.

कागदांसाठी एक मोठी टोपली आणा. लॅपटॉप, वह्या, बिलं, पेन, सगळं तिच्यात, जसं आहे तसं, लावत बसायचं नाही, आणि टोपली खाटेखाली. मग टेबल ओल्या फडक्याने पुसा. टेबलावर दिवसभर काम झालेलं असतं आणि तिथेच जेवायचं असतं, तेव्हा ही पुसण्याची दोन मिनिटं फार मोलाची असतात. युरोपात मध्ययुगात बहुतेक ठिकाणी जेवणाचं टेबल म्हणजे सुट्या लाकडी आधारांवर ठेवलेल्या फळ्याच असत, जेवण झालं की त्या उचलून भिंतीला लावत आणि ती खोली दुसऱ्या कामाला घेत. एकाच जागेत काम, अभ्यास आणि जेवण हे कमीपणाचं काही नाही. माणसं फार पूर्वीपासून तसंच राहत आली आहेत.

नवऱ्याच्या हसण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली, पण पत्र त्या ओळीमुळेच लिहिलंत असं मला वाटलं. तुम्ही आठवडाभर मनात काही जुळवत होता, ते त्याला माहीत नव्हतं. त्याला फक्त एवढंच दिसलं की हातात भांडं आहे आणि ते ठेवायला जागा नाही. त्याला सांगा की तुम्हाला वाईट वाटलं. मग त्याच्या हातात मोजपट्टी द्या आणि फळीला दिवा लावायचं, टेबल ओढायचं, बाक जमवायचं काम त्याच्याकडे सोपवा. मदत म्हणून नव्हे, त्याचा वाटा म्हणून. ज्याने दिव्याची उंची तीनदा बदलून पाहिली आहे, तो त्या टेबलाशी वेगळा बसतो.

दिवे मात्र सूर्य मावळायच्या आधी लावा, पाहुणे यायच्या बरंच आधी. बाहेरचा उजेड जात असताना आतला दिवा आधीपासून लागलेला असला की घर आपोआप त्याच्याभोवती गोळा होतं, आणि ट्यूब बंद केल्याचा तो झटका कुणाला बसत नाही.

आणि पानं. मुलाचं काम तेच. पानगळीत पानातलं हिरवं द्रव्य मोडून जातं आणि त्याच्याखाली आधीपासून असलेला पिवळा वर येतो. लाल रंग मात्र बहुतेक पानांत त्या शेवटच्या आठवड्यांतच नव्याने तयार होतो. हे त्याला सांगा, मग तो पिवळी आणि लाल वेगवेगळी वेचून आणेल. नुसती आणलेली पानं घरातल्या कोरड्या हवेत एक-दोन दिवसांत आखडतात, म्हणून ती कोऱ्या कागदांच्या घडीत घालून जड पुस्तकांखाली दाबून ठेवायची आणि मधे एकदा कागद बदलायचे. न ओळखता येणारी लाल फळं किंवा बिया आणल्या तर त्या टेबलापासून लांब, काही विषारी असतात. सहा चांगली पानं निवडून प्रत्येकावर त्याने आपल्या अक्षरात एकेक नाव लिहावं, आणि ते पान नॅपकिनच्या घडीत खोचावं. आजीच्या पानावरचं नाव जरा मोठ्या अक्षरात.

त्याला आजच पाठवा. पानं नीट दाबली जायला दहा दिवस तरी लागतात, आणि तुमच्याकडे चौदा आहेत.